विरलेला आवाज

चौलला आमच्या घरी ट्रान्झिस्टर कपाटावर पूर्व-पश्चिम आडवाच ठेवायचा, असा वडिलांचा दंडक होता. आतली फेराइटची कांडी मुंबईच्या दिशेला आडवी असली तरच मध्यम लहरी नीट लागायच्या. टोक उत्तरेकडे वळलं की बातम्या खरखरीत बुडायच्या.

पुढे संस्कृत शिकवताना मुलांनी याच रेडिओचा दाखला माझ्यापुढे ठेवला. शब्द नित्य की अनित्य, हा मीमांसक आणि नैयायिकांचा जुना वाद. मीमांसक जैमिनी म्हणतो, शब्द असतोच, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक गौतम म्हणतो, ज्याला आरंभ आहे ते टिकणार नाही. मुलं म्हणायची, ‘सर, आवाज हवेत आहेच, खटका दाबला की प्रकटतो, जैमिनीच बरोबर!’

मला ते कधीच पटलं नाही; का, ते मुंबई केंद्राच्याच उदाहरणाने सांगतो. 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. शक्ती अवघी दीड किलोवॉट, लहर 357 मीटरची, पल्ला सुमारे 48 किलोमीटर. म्हणजे अलिबाग त्या वर्तुळात, आणि आम्ही चौल-रेवदंड्याचे अगदी काठावर. पण मध्ये समुद्र होता, आणि खाऱ्या पाण्यावरून ही लहर जमिनीपेक्षा कितीतरी लांब जाते. वर्षाला दहा रुपयांचा परवाना घेणारे श्रोते फार थोडे निघाले. 1930 च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि पुढे सरकारने ते केंद्र चालवायला घेतलं.

त्या अडीच-पावणेतीन वर्षांत तिथे जे गायलं गेलं, ते कुठे आहे? लोक हौसेने सांगतात, त्या लहरी अजून ताऱ्यांमधून चालल्या आहेत. मध्यम लहरींचं तसं होत नाही. दिवसा आयनांबराचा खालचा थर त्या शोषून घेतो, रात्री वरचा थर त्यांना पृथ्वीकडे परत लोटतो. शेवटी उरते ती किंचितशी उष्णता. आवाज संपला. गौतम बरोबर होता, आणि हे कबूल करताना मला आजही वाईट वाटतं.

मीमांसक यावर म्हणेल, विरला तो ध्वनी, शब्द नव्हे. काल उच्चारलेला ‘ग’ आज ऐकला तरी ‘हा तोच’ असं आपण ओळखतोच ना? युक्तिवाद भक्कम आहे, वर्णांपुरता मी तो मानतोही. पण तेव्हा एखाद्या रात्री मायक्रोफोनसमोर कुणीतरी षड्ज लावला असेल, मध्येच श्वास घेतला असेल. तो श्वास कुठल्या वर्णमालेत बसवायचा? मला चाड आहे ती त्याची.

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं का, याचं उत्तर मला इथेच सापडतं. मूर्ती उद्याही गाभाऱ्यात असेल. ऐकायचं मात्र हुकू शकतं. म्हणून चौलच्या रामेश्वराच्या देवळात कीर्तन असलं की मी नमनाआधीच जाऊन बसतो, आणि जे थेट उत्तररंगाला उगवतात त्यांच्याशी अजून भांडतो.