न करण्याचे फळ

व्रतांचा विचार करताना आपल्या शास्त्रकारांना एक प्रश्न पुनःपुन्हा पडलेला दिसतो, आणि तो असा की, केलेल्या कर्माचे फळ मिळते हे कबूल केले तरी जे केलेच नाही, जे अन्न खाल्ले नाही, जो शब्द उच्चारला नाही, त्यापासून काही निष्पन्न होते असे कोणत्या आधाराने म्हणावे? नित्यकर्म न केल्याने पाप उत्पन्न होते या मताचे गीताभाष्यात खंडन करताना शंकराचार्यांनी हीच अडचण पुढे मांडली आहे: न करणे हा अभाव, आणि अभावापासून भावरूप वस्तू जन्मास येणे असंभवनीय. आक्षेप वजनदार आहे. तथापि थंड देशांतील घरांत, खिडकीपाशी, हिवाळ्यात फुलणाऱ्या ख्रिसमस कॅक्टसची ज्यांनी निगा राखली आहे त्यांच्यापाशी या वादात पुढे करण्याजोगा एक दाखला आहे.

हा निवडुंग वाळवंटातला नव्हे. आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगरांत, वृक्षांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारींत साचलेल्या पालापाचोळ्यात तो वाढतो; म्हणून त्याला कडक ऊन सोसत नाही, आणि कुंडीतील माती पाणी धरून बसली तर त्याची मुळे कुजतात. पाणी, सावली, वाढीच्या दिवसांत थोडे खत, इतका बंदोबस्त बहुतेक जण करतात. परंतु हे सारे यथासांग होऊनही कित्येक घरांत तो वर्षानुवर्षे हिरवागार राहतो आणि एकही कळी धरीत नाही, कारण त्याची खरी गरज काही मिळण्याची नसून काही टळण्याची असते. सप्टेंबरच्या अखेरीपासून सुमारे ६ आठवडे त्याला रोज १३ ते १४ तासांची अखंड रात्र लागते, आणि ती १५ अंशांच्या आसपास गार असली तर अधिक बरे. दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा तेवढा त्याच्या आड येतो. ब्राझीलमध्ये हाच निवडुंग मे महिन्याच्या सुमारास फुलतो, कारण तेथे रात्री त्या वेळी वाढत असतात.

अशा वनस्पती दिवस नव्हे, रात्र मोजतात, हे हॅमनर आणि बॉनर यांनी १९३८ साली एका रानटी तणावर प्रयोग करून दाखविले. दिवसा मध्येच अंधार केला तर काही बिघडत नाही. रात्रीच्या मध्यावर अल्पकाळ प्रकाश पडला तर मात्र फुलणे खुंटते. आपली शेवंतीही याच स्वभावाची आहे, आणि तिची फुले लांबणीवर टाकावयाची असतील तर बागायतदार रात्री दिवे लावतात. नैयायिकांनी प्रतिबंधकाचा अभाव कारणसामग्रीत गणला तो अशाच दृष्टीने: विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळीत नाही, मणी दूर होताच जाळतो. येथे दिवा हा तो मणी होय. यावर कोणी म्हणेल की आचार्यांचा सिद्धांत अबाधितच राहिला, कारण फूल झाडाच्या स्वतःच्या द्रव्यातून आले, अंधाराने केवळ वाट मोकळी केली. आणि पेशींतील एक रंगद्रव्य अंधारात हळूहळू रूप पालटते हे कळल्यावर ती रात्र निव्वळ रिकामी होती असेही म्हणवत नाही. मला हे मान्य आहे. पण वाट मोकळी होण्यावाचून जर फूल येतच नसेल, तर त्या मोकळेपणाला निष्फळ म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

राहिला प्रश्न रोज सायंकाळी कुंडीवर जाड कापड घालणाऱ्या आणि सकाळी ते काढणाऱ्या माणसाचा. उगवत्या सूर्याकडे पाहू नये, हे स्नातकाला सांगितलेले वचन व्रताच्या प्रकरणात आल्यामुळे मीमांसकांनी त्यास केवळ निषेध न मानता, न पाहण्याचा संकल्प असा त्याचा अर्थ लावला. आणि संकल्प ही तर मनाची भावरूप क्रिया. झाडाला या संकल्पाशी कर्तव्य नाही. सहा आठवडे घर बंद राहून दिवे लागलेच नाहीत तरी ते तितकेच फुलेल. तेव्हा झाडाचे फळ अभावाच्या खाती आणि राखणाऱ्याचे संकल्पाच्या खाती, अशी विभागणी मला करावीशी वाटते, आणि उपवास किंवा मौन यांचा विचारही याच रीतीने व्हावा असे माझे मत आहे. उपाशी राहावे लागणे आणि उपवास करणे यांत शरीराला भेद नसला तरी मनुष्याला तो आहे.

या व्रताला मुदतही आहे, आणि जन्मभर निवृत्तीच श्रेष्ठ मानणाऱ्यांनी तिची दखल घ्यावी. खोडाच्या चपट्या पेरांच्या टोकांना कळ्या स्पष्ट दिसू लागल्या की उद्यापन करावे: कापड दूर सारावे, पाणी पुन्हा नियमित द्यावे, आणि कुंडीची जागा मात्र बदलू नये, कारण या अवस्थेत जरा हलवाहलव झाली तरी कळ्या गळून पडतात.