चिंता हें पाप आहे काय?

आमच्या मंडळ्यांमध्यें एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो, पण तो बहुधा मोठ्यानें विचारला जात नाहीं. एखादी बहीण उपासनेनंतर मागें राहते व सांगते कीं, रात्रीं झोंप लागत नाहीं, छातींत धडधडतें, अन्न गोड लागत नाहीं. आणि तिला उत्तर मिळतें कीं, विश्वास धर, चिंता करणें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं. ती घरीं जाते. येतांना तिच्या शिरावर एक ओझें होतें, जातांना दोन झालीं. कां कीं कर्जाच्या चिंतेवर आपण पापी आहों ही दुसरी चिंता येऊन बसली. तेव्हां हें उत्तर खरें आहे काय, ह्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

उत्तर देणाऱ्याची बाजू अगदींच पोकळ नाहीं. प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत अन्न, वस्त्र व उद्यांचा दिवस ह्यांविषयींच्या चिंतेस मनाई केली आहे, आणि त्या मनाईस फांटे फोडून ती सोयीची करून घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो अध्याय उघडून पाहावा. मनाईच्या लगतच वर पृथ्वीवरील सांठ्याविषयीं व धनाच्या चाकरीविषयीं तो बोलला आहे. ज्याच्या मनांत धन हें बापाच्या जागीं बसलें आहे त्यास तो बजावितो. ऐकणाऱ्यांत गरीब पुष्कळ होते हें खरें; पण गरिबांस तो असें म्हणत नाहीं कीं तुमची गरज खोटी आहे, तर ती बापास ठाऊक आहे असें सांगतो. आम्ही मात्र तें वचन भरल्या कणगीच्या मालकास क्वचित् वाचून दाखवितों, आणि रिकाम्या मडक्याच्या मालकिणीस दर आठवड्यास.

आतां आमच्या भागांतील चिंता कशाची असते तें पाहूं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें त्यांतील शंभर माणसांत सुमारें ६९ आदिवासी आहेत. डोंगरांतील शेत पावसावर पिकतें, आणि पाऊस संपला कीं काम संपतें. म्हणून दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें गुजराथेंत, सुरत व बारडोलीकडील उंसाच्या फडांवर जातात. ही वाट नवी नाहीं. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनीं बारडोलीच्या उंसतोड्यांविषयीं १९७८ मध्यें लिहिलें, तेव्हांही ते मजूर बव्हंशीं खानदेशांतलेच होते. जाण्यापूर्वीं, ऐन पावसाळ्यांत, घरांत दाणा नसतां मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांतील एक आजारी पडलें तर कोयता अडतो, उचल फिटत नाहीं, आणि उरलेलें देणें पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढतें. पडावावर पाचटाची झोंपडी, रात्रीं-अपरात्रीं गाडी भरण्याची हांक, उंसाच्या सरींत खेळणारें लेंकरूं, आणि मागें गांवीं दृष्टि अधू झालेली म्हातारी. ज्या बाईस झोंप येत नाहीं ती ह्यांपैकीं कशाचा विचार करीत पडलेली असते, हें विचारल्यावांचून तिला विश्वासाचा धडा देणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें.

ह्या ओझ्याचा शरीराशीं काय संबंध आहे हें शास्त्रज्ञांनीं गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत पुष्कळ शोधून काढलें आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ च्या सुमारास दाखविलें कीं, भय उत्पन्न होतांच शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतें. उंसांत बिबट्या दिसला म्हणजे काय होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. काळीज जोरानें उडतें, तोंड कोरडें पडतें, भूक पार नाहींशी होते, पायांत बळ येतें. ही सज्जता उत्पन्नकर्त्यानेंच देहांत ठेविली आहे, आणि तिच्यावांचून आमचे पूर्वज सातपुड्यांत टिकले नसते. पुढें १९३६ मध्यें कॅनडांतील माँट्रिऑल येथें हान्स सेल्ये यांनीं उंदरांवर प्रयोग करून लिहिलें कीं, थंडी, अतिश्रम, विष अशीं कारणें निरनिराळीं असलीं तरी शरीरावर उमटणारीं चिन्हें एकसारखींच असतात. मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथी फुगतात, आणि जठरांत व्रण पडतात. देह आधीं गजर करितो, मग कांहीं काळ नेटानें तोंड देतो, आणि ओझें उतरलेंच नाहीं तर शेवटीं थकतो.

बिबट्या निघून जातो. मुकादमाची वही जात नाहीं. भेद येथेंच आहे. घटकाभरासाठीं दिलेली सज्जता सहा महिने उतरली नाहीं, म्हणजे झोंप उडते, रक्ताचा दाब चढतो, पोटांत आग पडते, डोकें ठणकतें. १९९५ मध्यें ओहायो येथील संशोधकांनीं, घरांतील स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची वर्षानुवर्षें सेवा करणाऱ्या कांहीं स्त्रियांच्या हातावर लहानशी सारखीच जखम करून पाहिलें. इतर स्त्रियांपेक्षां त्यांची जखम भरून येण्यास सरासरी सुमारें ९ दिवस अधिक लागले. कोयत्याचा घाव लागलेल्या माणसास ह्याचा अर्थ ताबडतोब कळेल. आमच्या भागांत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्या रोग्यास थंडी, तहान, ताप, अतिश्रम आणि मनाचा ताण ह्यांमुळें हाडांत असह्य कळा उठतात, आणि उंसाच्या फडावर हीं सर्व कारणें एकाच रात्रीं जमूं शकतात. तो कामचुकार आहे असें लोक म्हणतात. तो कामचुकार नाहीं. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकल्या आहेत.

असें असतां देहाचा हा थरकांप अविश्वास ठरवावा काय? ज्या प्रभूनें चिंतेस मनाई केली त्याच प्रभूचा जीव गेथशेमाने बागेंत व्याकूळ झाला, त्यानें आपलें दुःख लपविलें नाहीं, आणि आपल्या तीन मित्रांस जवळ जागत बसण्याची विनंती केली. पौलानें करिंथकरांस लिहिलें आहे कीं, आशिया प्रांतांत त्याजवर इतकें ओझें पडलें कीं जगण्याचीही आशा उरली नव्हती. आमच्या कित्येक उपदेशकांनीं ह्या दोघांसही विश्वास धरण्यास सांगितलें असतें कीं काय, अशी शंका आम्हांस कधीं कधीं येते.

एलीयाचा वृत्तांत तर उपदेशकांनीं पुन्हां पुन्हां वाचावा. कर्मेल डोंगरावर ज्यानें एवढें सामर्थ्य पाहिलें, तोच ईजबेल राणीच्या धमकीनें रानांत पळाला, रतामाच्या झुडपाखालीं बसला, आणि आतां मरण येवो असें मागूं लागला. परमेश्वरानें त्यास काय केलें? आधीं झोंपूं दिलें. मग दूताकरवीं त्यास हालवून निखाऱ्यावरची भाकर व पाण्याची सुरई दिली. तो जेवला आणि पुन्हां झोंपला. त्याबद्दल त्यास कोणी रागें भरलें नाहीं. दुसऱ्यांदा जेवूं घातलें, आणि वाट लांबची आहे म्हणून घातलें. तेथून चाळीस दिवसांनीं होरेबावर पोंचल्यावर प्रथम त्यास प्रश्न विचारला, आणि त्याचें गाऱ्हाणें एकदां नव्हे, दोनदां ऐकून घेतलें. शेवटीं त्यास काम सांगितलें व अलीशा हा सोबती दिला. भाकर, निद्रा, ऐकून घेणें, काम आणि सोबत: ह्या क्रमांत उपदेश कोठें येतो हें शोधून पाहावें. आम्ही बहुधा तेथूनच आरंभ करितों.

शिलो येथें एली याजकानें ह्याच्या उलट केलें. हन्ना मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती, ओठ हालत होते, आवाज निघत नव्हता. त्यानें दुरून पाहिलें आणि ती प्यालेली आहे असा निकाल दिला. तिनें नम्रपणें आपलें दुःख सांगितलें तेव्हां तो वरमला व त्यानें तिला आशीर्वाद दिला. एलीचा दोष एवढाच कीं त्यानें आधीं विचारलें नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, व तो आम्हांस वजनदार वाटतो. चिंतेस आजार म्हटलें तर लोक दुबळे होतील, असें कांहीं म्हणतील. ह्यास आम्ही फार महत्त्व देत नाहीं. परंतु दुसरे म्हणतील कीं, मन शांत ठेवण्यास शिकविणें म्हणजे अन्याय मुकाट्यानें सोसण्यास शिकविणें होय. अमेरिकेंतील रिचर्ड लॅझारस व सुझन फोकमन यांनीं १९८४ मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत ताणास तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एकानें ओझेंच बदलावयाचें, दुसऱ्यानें ओझ्याखालचें मन सांवरावयाचें. जें बदलतां येत नाहीं, जसें मृत्यु किंवा न पडलेला पाऊस, तेथें दुसराच मार्ग उरतो, आणि तेथें प्रार्थना, गाणें व मंडळीची सोबत ह्यांची बरोबरी करणारें थोडेंच आहे. पण जें बदलतां येतें तेथें केवळ मन सांवरण्यास सांगणें हा लबाडीचा उपदेश आहे. मुकादमाच्या वहींतील आंकडा देवानें लिहिलेला नाहीं. ज्या उपदेशकास वाचतां येतें त्यानें ती वही मागून वाचावी. कर्जाच्या बदल्यांत माणूस बांधून ठेवणें १९७६ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हेंही त्यास ठाऊक असावें.

भुताखेतांविषयीं थोडकेंच लिहितों. भगताकडे जाणें आम्हीं सोडलें. परंतु कांहीं मंडळ्यांत प्रत्येक झोंपमोडीस व प्रत्येक आकांतास दुष्ट आत्मा हें नांव देण्याची चाल पडूं लागली आहे. तेथून शेजारच्या विधवेस डाकीण म्हणण्यास एकच पाऊल उरतें. तसें म्हणणें २०१३ च्या महाराष्ट्रांतील कायद्याप्रमाणें अपराध आहे, आणि देवापुढें तर तो पूर्वींपासूनच आहे. डॉक्टरकडे जाणें हा अविश्वास नव्हे. लूक वैद्य होता, आणि चिंचपाडा येथील मिशन दवाखाना प्रार्थनेनेंच चालतो व औषधही देतो. मनाच्या दुःखासाठीं ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक ठेविला आहे. त्यास दाम पडत नाहीं व मराठींत बोलतां येतें. कोणी जगणें नको असें बोलूं लागल्यास त्यास एकटें सोडूं नये, विषारी औषधाच्या बाटल्या घराबाहेर न्याव्यात, आणि त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत न्यावें. असें बोलणाऱ्यास दोष देणाऱ्यानें एलीया काय बोलला तें आठवावें.

दिवाळीनंतर ट्रक येतील. निघण्याच्या आदल्या रविवारीं आम्ही निरोपाची प्रार्थना करितों, ती चालूं राहावी. तिच्यासोबत प्रत्येक मंडळीनें एक वही ठेवावी असें आम्ही सुचवितों. कोण कोठल्या पडावावर गेला, मुकादम कोण, उचल किती घेतली, फोन कोणाचा लागेल, कोणास सिकलसेल आहे व त्याची औषधें किती दिवसांचीं बांधून दिलीं, मागें राहिलेल्या म्हातारीस सांजची भाकर कोणत्या वारीं कोणी द्यावयाची, हें तींत लिहावें. फडावर रविवारची सुटी नसते. म्हणून रात्रीं आठ वाजतां, कोयते ठेविल्यावर, उपदेशकानें एकेका घरास फोन करावा. त्यावेळीं वचन वाचलें नाहीं तरी चालेल. आधीं जेवलांत काय, झोंप लागते काय, आणि आतांपर्यंत किती फिटले, एवढें विचारावें, आणि जें उत्तर येईल तें त्या वहींत उतरून घ्यावें.