औषध ओसरेपर्यंत

फिशटँक रिकामा झाला आहे. त्याच्यासमोर थोडा वेळ बसू या, हातात फडकं किंवा ब्रश न घेता. मेलेले मासे घरामागे खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरले असतील. ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात टाकले नसतील. पाणीही तिकडे सोडलेलं नसेल. आपल्या घरचा रोग दुसऱ्यांच्या पाण्यात गेला नाही, एवढी खातरी मनाशी करून घ्या. पुढचं काम सावकाश करायचं आहे.

काचेकडे पाहा. पाणी जिथवर होतं तिथे पांढरी रेघ उमटली आहे. बोअरचं पाणी वापरणाऱ्या येरमाळ्यातल्या घरांना ती नवी नाही. बादलीच्या कडेला दिसते, हीटरच्या कॉइलवर पापुद्र्यासारखी बसते. पाण्यात विरघळून आलेल्या क्षारांची ती रेघ, आणि त्यात मोठा वाटा चुन्याचा. इथल्या जमिनीतच चुनखडी आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते, तेव्हा हजारो माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर वाहतात. त्याच चुन्याने देवीच्या मंदिराला रंग देण्याची परंपरा आहे.

त्या खड्याचा प्रवास मनात धरा. भट्टीत साधारण 900 अंशांपर्यंत तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी पडलं की ती खदखदते, वाफा येतात. असा भिजवलेला चुना हातालाही भाजतो; त्याच्या निवळीत बहुतेक जंतू टिकत नाहीत. म्हणून रिकाम्या शेततळ्याच्या तळाशी नवं बीज सोडण्याआधी चुना पसरतात. पण भिंतीवर फासलेला चुना हळूहळू हवेतून तोच वायू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. दाहकपणा संपतो, पांढरेपणा राहतो. जाळणारी गोष्ट स्वतःहून निवते, ही चुन्याची रीत आज लक्षात ठेवायची आहे.

आता टीसीएल पावडर आठवा. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत आणि टाकीत टाकतो ती. भिजवलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवला की ही पावडर तयार होते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये तिचं पेटंट घेतलं, कापड पांढरं करण्यासाठी. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना याच क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने खाली आली. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. हात मात्र स्वच्छ झाले होते.

टीसीएलचा डबा उघडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मासे कशाने गेले?

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते का? ते ठिपके एका परजीवीचे. तो माशावर वाढतो, गळून तळाशी जातो, कवचात शेकडो पिलं करतो. ती पिलं मासा शोधत पोहतात, आणि दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. आपल्याकडच्या उकाड्यात हे चक्र लवकर फिरतं. अशी टाकी पाण्यासकट, फिल्टर चालू ठेवून दोन आठवडे माशांविना ठेवली तरी पुरतं. तिथे विष लागत नाही, उपवास पुरतो. उलट, मासे महिनोन्‌महिने सुकत गेले असतील, पाठी वाकल्या असतील, तर क्षयाच्या जातीच्या जंतूचा संशय घ्यावा. त्याला क्लोरीन सहज मारत नाही. माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही तो शिरतो आणि हट्टी गाठ उठवतो. तिथे रेती, झाडं, स्पंज सगळं टाकून द्यायचं, हातमोजे घालायचे, काच कोरडी करून 70 टक्के अल्कोहोलने पुसायची. खोली उघडी, जवळ ज्योत नको. रोग वेगळा तर शुद्धीही वेगळी. रागाच्या भरात दोन्हींना एकच उपाय केला जातो, म्हणून आधी राग खाली बसू द्या.

बाकीच्या बहुतेक रोगांना टीसीएल चालते. एका लिटरला ताजी पावडर साधारण पाऊण ग्रॅम. आधी बादलीत कालवा, निवळी टाकीत ओता. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड जवळपासही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. जाळी आणि नळ्या त्याच पाण्यात बुडवा. स्पंज आणि रेती जुनी झाली असेल तर मोह सोडा. किमान तासभर थांबा. मग पाणी काढून टाका, बादलीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ पाहा: क्लोरीन गेला, चुना राहिला. टाकी पुन्हा पुन्हा खळबळून धुवा. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतात ते हायपोचे खडे शेवटच्या पाण्यात विरघळवा, आणि टाकी उन्हात कडकडीत वाळू द्या. वास पूर्ण जाईपर्यंत.

इथे जरा रेंगाळू या. क्लोरीनचा मोठेपणा त्याच्या मारण्यात जितका आहे तितकाच त्याच्या जाण्यात आहे. तो टाकीत राहिला असता तर पहिल्याच नव्या माशाचे कल्ले त्याने जाळले असते. चुना निवतो, क्लोरीन उडतो. आपल्या मनातली धास्ती मात्र तशी सहज उडत नाही. वाळलेली काच पाहून हात पुन्हा डब्याकडे जातो: अजून एकदा करून घेऊ, खातरीसाठी. त्या हाताकडे पाहा. त्याला दटावू नका. मासे गेल्याचं दुःख त्या हातात आहे, आपण वेळेवर ओळखायला हवं होतं ही टोचणीही आहे. पण दुसऱ्यांदा धुण्याने मेलेले मासे परतत नाहीत, आणि टाकीचा नवा जन्म एक दिवस आणखी लांबतो. डबा बंद करून वरच्या फळीवर ठेवा.

आता पाणी भरा, एअर पंप आणि नवा स्पंज सुरू करा, आणि मासे आणू नका. पाणी आरपार दिसतं, पण ते अजून कोणाला सांभाळू शकत नाही. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जिवाणू शास्त्रज्ञांना 2015 मध्ये सापडला, त्यातला एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. रोगाबरोबर या सेवेकऱ्यांनाही आपण मारलं आहे. ते परत यायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या जड पाण्यात हा धीर जास्तच हवा. सामू (pH) 7 असेल तर अमोनियाचा शंभरात एखादाही भाग विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की पाचाच्या वर जातो. म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाका, कुजू द्या, टेस्ट किटने मोजा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. पाणी मधेच गढुळेल, काचेवर बुळबुळीत थर येईल. तो पुसावासा वाटेल, राहू द्या. लाइट गेली तर पंपाची तेवढी काळजी घ्या, कारण या जिवाणूंनाही हवा लागते.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन काही दिवस तिथेच राहिले, की दोनच मासे आणा. त्यांना आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, मग सोडा. रोज त्यांच्या कल्ल्यांकडे, चालीकडे पाहा, संशयाने नाही, ओळख व्हावी म्हणून.

कधीतरी पुन्हा कोणी आजारी पडेलही. जिवंत पाण्यात रोग येतो, तो कायमचा हद्दपार करणारी पावडर कुठे मिळत नाही. त्या दिवशी आधी रोग ओळखायचा, मग लागेल तेवढंच औषध, लागतील तेवढेच दिवस. आणि औषध ओसरलं की त्याच्या पाठोपाठ आपली भीतीही ओसरू द्यायची.