सुई देणाऱ्याचे पाप

व्यसनी मनुष्याचे व्यसन सुटावे म्हणून झटणे हे सत्कार्य होय, याविषयी सुशिक्षित समाजात दुमत असण्याचे कारण नाही. दुमत होते ते पुढच्या पायरीवर. ज्याचे व्यसन आज सुटत नाही, उद्या सुटेल याचीही शाश्वती नाही, आणि तोपर्यंत जो दिवसातून तीनतीनदा आपल्याच हाताने आपल्या शिरेत गर्द टोचून घेणार आहे, त्याच्या हाती आपण नवी, निर्जंतुक सुई द्यावी काय? वापरलेली सुई परत घेऊन तिच्या बदली नवी फुकट देणारी केंद्रे जगात चाळीस वर्षांपासून आहेत. आपल्या देशातही ती सरकारी खर्चाने चालतात. त्यांचे नाव निघताच सात्त्विक वृत्तीच्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. "म्हणजे चोराला शिडी पुरविण्यासारखेच की!" असे एक विद्वान स्नेही मला म्हणाले. उपमा सुबक आहे. परंतु सुबक उपमा पुष्कळदा विचाराला विश्रांती देते, म्हणून ती तपासून पाहणे बरे.

प्रथम वस्तुस्थिती. शिरेत औषध टोचणारा मनुष्य सुई शिरेत बसली की नाही हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढतो. त्याबरोबर रक्ताचा थेंब सिरिंजमध्ये येतो, आणि टोचून झाल्यावरही त्याचा अंश आत उरतो. सुई एकच आणि माणसे चार असली की पहिल्याचे रक्त उरलेल्या तिघांच्या शिरांत थेट जाते. एच.आय.व्ही.चा विषाणू मोकळ्या हवेत दुबळा पडतो हे खरे, पण बंद सिरिंजमधील रक्तात तो कित्येक दिवस टिकून राहू शकतो. कावीळ ब आणि क यांचाही हाच मार्ग. म्हणूनच १९८४ साली ॲम्स्टरडॅम शहरात असले पहिले केंद्र निघाले ते एड्ससाठी नव्हे, तर काविळीच्या भीतीने. आणि त्यासाठी खटपट केली ती खुद्द व्यसनी लोकांच्याच एका संघटनेने. ज्यांना आपण आपल्या हिताची शुद्ध नाही असे समजतो, त्यांना ती इतपत होती!

सुई नाकारल्याने काय होते, याचा प्रयोग एडिंबरो शहराने नकळत करून दाखविला आहे. १९८०च्या सुमारास तेथे हेरॉइनचा सुळसुळाट झाला. पोलिसांनी सुया जप्त करण्याचा सपाटा लावला, औषधांच्या दुकानांतून सिरिंज मिळेनाशी झाली. हेतू चांगला होता, अंमलबजावणीही कडक होती. हेरॉइन मात्र मिळतच राहिले. कमी झाली ती फक्त सुई, आणि एकेक सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. १९८६ साली तेथील एका दवाखान्याने आपल्याकडील अशा रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्या लोकांत विषाणू आढळला. पन्नास मैलांवरील ग्लासगो शहरातही हेरॉइन तितकेच होते. पण तेथील प्रमाण त्या मानाने फारच थोडे निघाले. नीतीच्या नावाने केलेल्या बंदोबस्ताचे असे फळ क्वचितच इतके उघडे दिसते.

आपल्या देशात या रोगाची चाहूल प्रथम लागली ती १९८६ साली मद्रासला, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत. या बाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढे तीनचार वर्षांतच मणिपूरची बातमी आली. तेथे सुईने नशा करणाऱ्यांत जो विषाणू तोवर सापडत नव्हता, तो वर्षाच्या आत निम्म्याहून अधिक लोकांत पसरलेला दिसला. संभोगाच्या मार्गाने या रोगाला जो पल्ला गाठण्यास दहा वर्षे लागतात, तो सुई काही महिन्यांत गाठते. त्या राज्याने १९९६ साली आपल्या धोरणात स्वच्छ सुईचा स्पष्ट स्वीकार केला. मुंबईत 'संकल्प' या संस्थेने रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यांमध्ये हे काम त्याच दशकात हाती घेतले. २०२१च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातील प्रौढांत या विषाणूचे प्रमाण हजारात सुमारे दोन, तर सुईने नशा करणाऱ्यांत शंभरात सुमारे नऊ होते. दुखणे कोठे साठले आहे हे सांगण्यास एवढे आकडे पुरेत.

आम्हा तळेगावकरांना हे सारे दूरचे वाटेल. आपल्या भागात हा रोग पसरला तो मुख्यतः शरीरसंबंधातून. त्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून येथून तासाभराच्या अंतरावर, भोसरीलाच आहे. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी वीस किलो मेफेड्रोन पकडले, तेव्हा ज्या रस्त्याने आमची मुले कारखान्यांत कामाला जातात त्याच रस्त्याने आणखी काय जात असते, हे गावाला कळले. ते द्रव्य बहुधा हुंगून घेतात. पण आज हुंगणारा उद्या टोचणार नाही अशी हमी कोणी द्यावी? हा प्रश्न मुंबईच्या पुलाखालचा म्हणून आपल्या दिवाणखान्याबाहेर ठेवता येईल, असे मला वाटत नाही.

आता त्या शिडीकडे वळू. शिडी नसती तर चोर वर चढला नसता. म्हणून शिडी देणारा चोरीचा भागीदार. येथे तसे नाही. गर्द त्याच्याजवळ आहे, सुईही आहे. फक्त ती आणखी तिघांनी वापरलेली आहे. आपण नवी सुई दिली म्हणून नशा घडत नाही, आणि न दिली म्हणून टळत नाही. बदलते ते एवढेच, की त्या कर्माबरोबर एक आजन्म दुखणे त्याच्या आणि त्याच्या बायकोच्याही पदरी पडते की नाही. त्या बाईने तर सुई पाहिलेलीही नसते. स्वच्छ सुई मिळू लागल्याने नशा करणारे वाढतात काय, हेही तपासले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा विषाणूचा प्रसार घटतो याला भक्कम पुरावा मिळाला, व्यसन वाढते याला मिळाला नाही. फुकट सुई मिळते म्हणून कोणी गर्दुल्ला होत नाही. फुकट पाटी मिळते म्हणून कोणी विद्वान होत नाही, तसेच हे.

शिक्षेचा न्यायही पाहावा. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हेरॉइन सेवन करणाऱ्यास अधिकांत अधिक एक वर्षाची सक्तमजुरी सांगितली आहे. न्यायाधीशाला जी शिक्षा देता येत नाही, ती आपण, केवळ सुई नाकारून, देऊ पाहतो. "आता या रोगावर औषधे निघाली आहेत" असे कोणी म्हणेल. निघाली आहेत, २००४ पासून सरकार ती फुकटही देते. पण ती रोज, नेमाने, जन्मभर घ्यावी लागतात, आणि ज्याला अंथरूण-पांघरूण नाही त्याच्याकडून या नेमाची अपेक्षा करणे म्हणजे फाटक्या झोळीत दाणे भरणे होय.

हा वाद महाराष्ट्राला नवा आहे असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हेही उघडपणे लिहिले, तेव्हा त्यांच्यावर आक्षेप आला तो अक्षरशः हाच: साधने दिलीत की अनाचाराला मोकळे रान मिळेल. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' चालविताना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांच्या सर्व मतांशी मी सहमत नाही. पण पापाचे प्रायश्चित्त रोगाच्या हाती सोपवू नये, हा त्यांचा आग्रह मला आजही बिनतोड वाटतो. आक्षेपकांच्या मनात नीतीपेक्षा सोवळे अधिक असते, अशी मला शंका आहे. नीती विचारते, माझ्या कृतीने दुसऱ्याचे काय होईल. सोवळे विचारते, त्याला शिवल्याने माझे काय होईल. ही दोन्ही एकाच घरात नांदतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

एवढे म्हटल्यावर एका आक्षेपापुढे मात्र मला थांबावे लागते. पुण्यात १९८६ साली अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे रुग्णाला सांगितले जाते की तू यातून बाहेर येऊ शकतोस. सुई देणारा, न बोलता, काय सांगतो? "तू बाहेर येशील असे मला वाटत नाही, निदान जगून तरी राहा" असा अर्थ ऐकणाऱ्याने घेतला, तर तो अपमान आहे, आणि दयेतून झालेला अपमान अधिक लागतो. सरकारलाही हे सोयीचे आहे. सुई स्वस्त, उपचार महाग. वाटलेल्या सुयांची संख्या अहवालात भरता येते, सुधारलेल्या माणसाची वाट पाहत बसावे लागते. सुई देणाऱ्याच्या हातून पाप घडत असेल तर ते येथे, देण्यात नव्हे, देऊन पाठ फिरविण्यात.

म्हणून 'अदलाबदल' या शब्दाला मी महत्त्व देतो. जुनी सुई परत आणावी लागते. त्यामुळे ती गटारात, मैदानात, कचरा वेचणाऱ्या पोराच्या तळहातात जात नाही. आणि त्या निमित्ताने तो मनुष्य पुनःपुन्हा त्याच खिडकीशी येतो. ज्याच्याशी कोणीही बोलत नाही त्याच्याशी तेथे कोणी तरी बोलते: जखम चिघळली आहे, रक्त तपासून घे, जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन सुई सोडून पाहा. ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांत मिळते. मुक्तांगणाच्या दारापर्यंत जाण्यासाठी मनुष्य आधी जिवंत असावा लागतो, आणि त्या दाराचा रस्ता त्याला कोणी तरी सांगावा लागतो. दोन्ही संस्था एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे मानणारा दोहोंपैकी एकही पाहून आलेला नसतो.

कायद्याने आपले काम केले आहे. एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याच्या २२व्या कलमाने, सरकारी नियमांप्रमाणे सुई देणे हा गुन्हा नव्हे असे स्पष्ट केले. पोलिसाचा हात त्याने अडविला. पण भाड्याने खोली मागायला आलेल्या कार्यकर्त्याला "आमच्या आळीत नको, दुसरीकडे पाहा" असे सांगणाऱ्या घरमालकाला कोणतेही कलम लागू होत नाही. आणि तो घरमालक बहुधा आपल्यासारखाच, मासिके वाचणारा, भला गृहस्थ असतो.