न मागितलेला हिशेब

दुसऱ्याच्या निवाऱ्यातून नफा काढावा की नाही, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. गवंडी मजुरी घेतो, मी पगार घेतो. मग पैसा घालणाऱ्याने नफा घेतला तर बिघडले कुठे? मला छळतो तो निराळाच प्रश्न.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी साताऱ्यास सहा बिऱ्हाडांची इमारत बांधायला घेतली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील 70 टक्के रक्कम त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी, असा 2016 चा कायदा आहे. परंतु आठ सदनिकांपर्यंत नोंदणीचीच सक्ती नाही. पहिला ग्राहक आला तो एक निवृत्त कारकून. फंडाचे पैसे त्याने माझ्या ओळखीवर दिले. भागीदार म्हणाले, "मास्तर, यातून शेजारच्या प्लॉटचा बयाणा देऊन टाकू. इथले काम चार महिने लांबेल, एवढेच. आपल्याला विचारतो कोण?"

खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले. आगाऊ रकमेचा हिशेब वेगळा ठेवावा, असे 1963 चा कायदाही सांगतो, हे मला मागाहून कळले. त्या रात्री आठवले ते एवढेच, की चार महिने म्हणजे त्याचे चार महिन्यांचे भाडे. आणि त्याने पावतीसुद्धा मागितली नव्हती.

वेगळे खाते उघडले. नफा घटला, एक भागीदार दुरावला. गेल्या दिवाळीत त्या दारी आकाशकंदील लागला, फराळाचे बोलावणेही आले. चकली मोडताना मनात आले, याने पावती मागितली असती, तर मी असाच वागलो असतो का?