निरोप

मी माळकरी. तरी आडसालीच्या हंगामात दोन-तीनदा माझ्या हाताला स्पिरिटचा वास येतो. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक. त्याची पांढरी पावडर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. आधी स्पिरिटात ढवळायची, मग पाण्यात ओतायची. आमच्या दिंडीतल्या अण्णांनी ते बांधावरून पाहिलं. म्हणाले, "उसालाबी पाजतोस व्हय रं? आणि वाढवणारा त्यो पांडुरंग बसलाय न्हवं?"

पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसरा मात्र पंप पाठीवर घेतल्यावरही सुटेना.

युरिया टाकताना असं होत नाही. ते अन्न. संजीवक अन्न नव्हे, तो निरोप. 'कांडी लांबव', 'फुटवा काढ' हे निरोप उसाच्या अंगात त्याचे तेच फिरत असतात. मी बाहेरून त्याच्याच आवाजात हाक मारतो. म्हणजे खोटं बोलतो का?

जीए सापडलं तेच मुळी एका रोगात. जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपं भलतीच उंच व्हायची, फिकट पडून कोलमडायची. त्याला ते 'खुळं रोप' म्हणत. बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे ते होतं, हे कुरोसावा या संशोधकाने १९२६ साली दाखवलं. निरोप पोचला होता, पाठीमागे शिदोरी नव्हती.

पण ढवळाढवळ म्हणाल तर आजोबाही करायचे. ऊस दीड महिन्याचा झाला की जेठा कोंब मोडायचे. वाकून, बुडाशी अंगठा रेटून, कट्. शेंड्याचं ऑक्झिन खाली उतरायचं थांबतं आणि दबलेले डोळे फुटतात. आजोबांना ऑक्झिन कुठलं ठाऊक! "थोरला हटल्याबिगर धाकली उठत न्हाईत," एवढंच म्हणत. आणि संध्याकाळी हरिपाठ. त्यांना कुणी विचारलं नाही, वाढवणारा कोण म्हणून.

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला हे आपण कौतुकाने सांगतो. पण मळा म्हटला की खुरपणं आलं, खुडणं आलं. झाडाच्या मर्जीवर सोडलं तर त्याचं रान होतं. त्यामुळे फवारल्याने देवाचं काही हिसकावलं, हे मला पटत नाही. दुकानदार 'टॉनिक' म्हणतात तो शब्द मात्र डोक्यात जातो. टॉनिक कसलं? आपण नुसतं मागतोय, देत काहीच नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. गेल्या साली पैशाची ओढ होती. खोडव्याच्या एका पट्ट्याला खताचा डोस चुकवला आणि जीएचा हात मात्र मारला. अण्णांना हे सांगितलेलं नाही. पट्टा महिन्यात उंच झाला, भाद्रपदातल्या वाऱ्यात सगळा लोळला, उंदीर शिरले. टोळीने त्याला कोयता लावायचं नाकारलं. मग मी आणि बायकोने तोडला. कांडी वीतभर लांब, आणि मोळी उचलली तर हलकी.