खरे बोलला, पण परतला नाही



उपवासकाळ आला की पश्चात्ताप हा शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळा पडतो की तो झिजून गुळगुळीत होतो. म्हणून आज एका चित्रपटाच्या निमित्ताने त्याच्याकडे वळू या. मेक्सिकोचे दिग्दर्शक कार्लोस रेगादास यांचा हा २००७ सालचा चित्रपट. नाव 'सायलेंट लाइट', आपल्या भाषेत 'नि:शब्द प्रकाश'. त्या वर्षी कान येथील महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले, दुसऱ्या एका चित्रपटासोबत विभागून. आपल्या धर्मग्रामातील काही जोडप्यांनी तो नुकताच एकत्र बसून पाहिला आणि नंतर बराच वेळ वाद घातला. तो वाद मला फार मोलाचा वाटला.

पहिली तक्रार अपेक्षितच होती: चित्रपट फार संथ आहे. सुरुवातीला काळेभोर आभाळ आणि चांदण्या दिसतात. रातकिडे ओरडतात, गुरे हंबरतात, हळूहळू तांबडे फुटते आणि पाच-सहा मिनिटांनी दिवस उजाडतो. तोवर पडद्यावर एकही माणूस नाही. "मला वाटले मशीन अडकले," असे एक गृहस्थ म्हणाले. त्यावर त्यांची पत्नी म्हणाली, "तुम्ही कधी पहाटे उठून पाहिले आहे का?" सगळे हसले. पण त्या बाईंचे म्हणणे खरे होते. पुढच्या प्रसंगात एक कुटुंब न्याहारीपूर्वी डोके लववून मूकपणे प्रार्थना करते आणि घरात फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मग सर्वजण बाहेर जातात. घरधनी योहान एकटा उरतो, खुर्चीवर चढून घड्याळ बंद करतो आणि टेबलाशी बसून हमसाहमशी रडतो. चित्रपट घाईत असता, तर ते रडणे आपल्याला ऐकूच आले नसते.

ही माणसे कोण, हे थोडक्यात सांगतो. ती मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील मेनोनाइट आहेत. मेन्नो सिमन्स हा मुळात नेदरलँडमधला कॅथलिक धर्मगुरू. त्याने १५३६ साली आपली ख्रिस्तसभा सोडली. त्याच्या अनुयायांचा त्या शतकात कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही राजवटींनी छळ केला, हे आपण विसरू नये. ही मंडळी देशोदेशी भटकत रशियात आणि तिथून कॅनडात गेली. त्यांच्यातील काही १९२२ साली मेक्सिकोत आली. त्यांची भाषा जुनी जर्मन बोली आहे आणि जवळजवळ सबंध चित्रपट त्याच बोलीत आहे. पडद्यावरचे बहुतेक चेहरे नटांचे नाहीत, मेनोनाइट समाजातल्याच माणसांचे आहेत. एस्तेरचे काम करणाऱ्या मिरियम टेव्झ या कॅनडातील मेनोनाइट घराण्यात वाढलेल्या लेखिका आहेत.

कथा जगाइतकीच जुनी आहे. योहानला एस्तेरसारखी पत्नी आहे, घर लेकरांनी भरलेले आहे आणि त्याचा जीव मारियान नावाच्या दुसऱ्या स्त्रीवर जडला आहे. मात्र तो काहीही लपवत नाही. एस्तेरला त्याने सगळे सांगितले आहे. तो आपल्या मित्राला सांगतो, उपदेशक असलेल्या आपल्या बापालाही सांगतो. बाप म्हणतो, हे सैतानाचे काम आहे. मग तोही कबूल करतो की तरुणपणी त्याचेही मन असेच दुसरीकडे ओढले गेले होते; पण त्याने स्वतःला रोखले आणि त्या बाईकडे जाणे टाळले.

आपल्या मंडळींचा खरा वाद इथे पेटला. पुरुषांपैकी बरेचजण योहानच्या बाजूने झुकले. "निदान तो खोटे तरी बोलत नाही," असे त्यांचे म्हणणे. स्त्रिया गप्प होत्या. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "बोलून तो मोकळा झाला. ओझे कोणाच्या डोक्यावर गेले?"

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत आहे. उधळ्या पुत्राची आठवण करा. बापापुढे काय बोलायचे, ते वाक्य त्याने डुकरांमध्ये बसूनच जुळवले होते. पण ते वाक्य बापापर्यंत पोहोचवण्यासाठी त्याला तिथून उठावे लागले आणि घरची वाट चालावी लागली. योहान तेच वाक्य डुकरांच्या गोठ्यातूनच बोलत राहतो. तो रडतो, प्रामाणिकपणे रडतो, आणि पुन्हा मारियानकडे जातो. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरू आपल्याकडून केवळ माहिती मागत नाही. पुन्हा पाप न करण्याचा दृढनिश्चय त्या संस्कारात लागतो तो याचसाठी. नाहीतर कबुली म्हणजे आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याची एक सभ्य रीत होऊन बसते.

तो भार एस्तेरला पेलत नाही. मुसळधार पावसात दोघे गाडीतून चालले आहेत. पूर्वी नुसते त्याच्या शेजारी बसले तरी आपण या जगाचा भाग आहोत असे वाटायचे, असे ती सांगते. मग तिला मळमळू लागते. ती गाडी थांबवायला लावते, छत्री घेऊन रस्त्याकडेच्या झाडांकडे जाते, एका झाडाला धरून रडते आणि तिथेच कोसळते. डॉक्टर हृदयाचे कारण सांगतात. ते खोटे नाही, पण प्रेक्षकाला त्याआधीचेही ठाऊक असते.

आता शेवट. ज्यांना तो आधी कळू नये असे वाटते, त्यांनी पुढचा भाग चित्रपट पाहून झाल्यावर वाचावा.

एस्तेरला पांढऱ्या खोलीत ठेवले आहे, माणसे जमली आहेत. मारियान येते. ती आत जाते, वाकून एस्तेरच्या ओठांचे चुंबन घेते आणि एस्तेर डोळे उघडते. त्यानंतर त्या घरात पुढे कसे झाले, हे चित्रपट सांगत नाही. सूर्य मावळतो, चांदण्या येतात आणि चित्रपट संपतो. हे स्वप्न की चमत्कार, यावर आपल्या मंडळींत एकमत झाले नाही. मला अधिक अडला तो दुसरा प्रश्न, जो एका तरुण सुनेने रागानेच विचारला: "तिला उठवायला हीच बाई का? हिचा काय अधिकार?"

जाणकार सांगतात की हा शेवट डेन्मार्कचे दिग्दर्शक ड्रायर यांच्या १९५५ सालच्या 'ऑर्डेट' या चित्रपटाला केलेला नमस्कार आहे. तिथेही मृत स्त्री उठते, पण विश्वासाने उच्चारलेल्या शब्दाने. इथे कोणीही शब्द उच्चारत नाही. मला जुन्या करारातील अलीशा आठवला. शुनेमकरणीच्या मेलेल्या मुलावर तो ओणवा झाला आणि त्याने आपले तोंड मुलाच्या तोंडाला लावले. पण अलीशा देवाचा माणूस होता. मारियान कोण आहे?

ती एकमेव आहे जी परतली. योहानने आपली कहाणी सर्वांना सांगितली, मारियानने कोणाला सांगितल्याचे आपण पाहत नाही. मात्र त्यांच्या अखेरच्या भेटीत तीच म्हणते की हे आता शेवटचे. प्रेमापेक्षा शांती बलवान आहे. जे प्रेम तिने हातचे सोडले, त्याच्या किमतीची जाणीव ठेवून ती त्या पांढऱ्या खोलीत शिरते. योहानच्या दुःखाला दिग्दर्शकाने जितकी माया दाखवली, तितकी मी दाखवली नसती, हेही इथे सांगून टाकतो. पण दार कोणी उघडावे, हे त्याने अचूक ओळखले आहे.

त्या सुनेला मी हे सांगितले. ती म्हणाली, "ते ठीक आहे, फादर. पण एस्तेरने डोळे उघडल्यावर समोर तिलाच पाहिले. तिला काय वाटले असेल?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करायची असे ठरले आहे. चित्रपट सव्वादोन तासांचा आहे. त्यातला एक प्रसंग लहान मुलांसमोर पाहण्याजोगा नाही, तेव्हा मुले झोपल्यावर लावावा. आणि शक्य असेल तर पतिपत्नींनी तो एकत्र बसून पाहावा.